भाकरीच्या धंद्यावर तपासलेलं व्हॉट्सॲप बिझनेस

आधी निकाल सांगते, कारण परीक्षण वाचणाऱ्याला घाई असते. नवा धंदा उभा राहील की नाही हे स्वस्तात तपासायचं असेल, तर व्हॉट्सॲप बिझनेसला पाचपैकी चार गुण. तपासून झालं, धंदा चालू लागला आणि आता तो रोजच्या रोज सांभाळायचाय, तर अडीच. मधला दीड गुण कुठे जातो ते पुढे येईलच.

मी जुळे सोलापूरच्या बाजूला राहते. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकते. भाकरी थापायला तिघी अक्का येतात, त्यातल्या दोघी आधी घरी बसून विड्या वळायच्या. हात असा चालतो की बोलता बोलता भाकरी परातीत फिरते आणि कडेला कुठे चीर नाही. माल चांगला होता, त्याबद्दल मला कधीच शंका नव्हती. शंका धंद्याबद्दल होती. या भाकरीला पैसे कोण मोजणार, किती मोजणार, आणि एकदा मोजून परत येणार का?

दिरांनी एका वेबसाइट करून देणाऱ्याला घरी आणलं होतं. त्याने लॅपटॉप उघडून हिरव्या रंगाची सुंदर पानं दाखवली आणि म्हणाला, "मॅडम, आधी ब्रँड दिसला पाहिजे." मी विचारलं, "भाकरी कोण घेणार ते यात कळेल का?" तर म्हणे, ते मार्केटिंग केल्यावर कळेल, त्याचं पॅकेज वेगळं. चहा पाजला, बाकरवडी दिली, वाटेला लावलं. त्याच संध्याकाळी एक नवीन सिमकार्ड घेतलं, जुन्या फोनमध्ये टाकलं आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस उतरवलं. हे ॲप 2018 च्या जानेवारीत आलं, फुकट आहे, आणि आपल्या रोजच्या व्हॉट्सॲपसारखंच दिसतं. शिकायला काही नाही. सासूबाईंनासुद्धा पहिल्या दिवशी जमलं.

आता त्यातला एकेक भाग घेते, पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही. काही गोष्टी कामाच्या आहेत, काही नुसत्या आहेत.

सगळ्यात कामाचा कॅटलॉग. तिथे वस्तूचा फोटो, भाव, चार ओळी माहिती टाकायची. पाचशेपर्यंत वस्तू बसतात. मला दहाच्या वर कधी लागल्या नाहीत. पण यातली खरी सोय अशी की वस्तू तयार नसली तरी ती मांडता येते आणि नको झाली की लपवता येते. म्हणजे पाच किलो माल करून गिऱ्हाइकाची वाट बघण्यापेक्षा, घरापुरता एक घाणा करून फोटो काढायचा, भाव लिहायचा, आणि "गुरुवारपर्यंत पैसे पाठवणाऱ्यांना शनिवारी मिळेल" असं टाकून गप्प बसायचं. जे काय कळायचं ते गुरुवारी कळतं.

ही युक्ती माझी नाही. अमेरिकेत 1999 मध्ये निक स्विनमर्न नावाच्या माणसाला प्रश्न पडला होता की लोक पायात घालून न बघता इंटरनेटवरून जोडे घेतील का. त्याने गोदाम भरलं नाही. गावातल्या जोड्यांच्या दुकानात जाऊन फोटो काढले, ते वेबसाइटवर टाकले, आणि ऑर्डर आली की त्याच दुकानातून जोडा विकत घेऊन पाठवला. प्रत्येक जोड्यात नफा नव्हताच, पण लोक घेतात हे त्याला कळलं. त्यातून झॅपोस उभी राहिली आणि 2009 मध्ये ॲमेझॉनने ती विकत घेतली. आमच्या नवी पेठेतल्या दुकानात कुणी असे फोटो काढत फिरलं असतं तर शेठजींनी आधी "घ्यायचंय का नुसतं बघायचंय?" विचारलं असतं, पण ते जाऊ दे.

मी कॅटलॉगवर अशा तीन वस्तू मांडल्या: जवसाची चटणी, बाजरीची कडक भाकरी आणि भाकरीचा चुरा. जवसाच्या चटणीचं कौतुक इतकं आलं की फोन गरम झाला. "वा, हृदयाला चांगली", "ओमेगा थ्री असतं त्यात", "आमच्या डॉक्टरांनी पण सांगितलंय". हात जोडलेले, अंगठे, फुलं. गुरुवारपर्यंत पैसे कुणाचे आले? भिशीतल्या एका मैत्रिणीचे आणि एका निवृत्त मास्तरांचे. बाजरी थंडीत बरी गेली, संक्रांतीनंतर थांबली. आणि चुरा, जो मी निव्वळ फुटलेला माल वाया जाऊ नये म्हणून शेवटच्या ओळीत टाकला होता, तो पहिल्या दिवशी संपला.

या चुऱ्यापाशी जरा थांबते.

कडक भाकरीचा मोठा वैरी म्हणजे प्रवास. तव्यावर भाजलेली पातळ भाकरी मंद आचेवर ठेवून वरून दाब देत देत तिच्यातलं पाणी घालवायचं, की ती पापडासारखी खुळखुळीत होते आणि महिनाभर राहते. टिकते म्हणूनच ती बाहेरगावी पाठवता येते, आणि कडक असते म्हणूनच पाठवताना मोडते. पार्सल कसंही आपटलं जातं. दहा भाकऱ्यांच्या पाकिटात चार शाबूत पोचल्या तरी नशीब. जाड खोक्यात, मध्ये कागद घालून पाठवायला गेले तर खोकं आतल्या मालाच्या तोडीचं महाग. गिऱ्हाईक फोटो पाठवतं, "ताई, हे बघा काय आलंय." त्यावर मी माफी मागायची, पुढच्या वेळी दोन जास्तीच्या टाकायच्या, असं चाललं होतं.

चुऱ्याच्या ऑर्डरी आल्यावर मी प्रत्येकाला एकच विचारलं, "कशाशी खाणार?" आवडलं का, पुन्हा घेणार का, असलं काही नाही. असल्या प्रश्नाला लोक तोंडदेखलं उत्तर देतात, आणि आपल्याकडे तर जेवायला घातलेल्याला नाव ठेवायची पद्धतच नाही. कशाशी खाणार म्हटलं की खरं बाहेर येतं. कुणी आमटीत चुरून, कुणी दुधात, कुणी मटणाच्या रश्शात. एका मुलाने लिहिलं, हॉस्टेलवर दही आणि चटणी घालून चमच्याने खातो, ताट लागत नाही. म्हणजे भाकरी गोल राहावी म्हणून मी जिवाचा आटापिटा करत होते आणि तिकडे लोक ती हाताने मोडूनच खात होते.

पण पाहुण्यांपुढे चुरा मांडता येत नाही, हेही तितकंच खरं. अक्कांशी बोलणं झालं. त्यातली मोठी म्हणाली, "चतकोर करून भाजू की ओ. कच्ची असतानाच कापायची." भाकरी तव्यावरून उतरली, अजून मऊ आहे, तेवढ्यात उलथन्याने चार भाग करायचे आणि मग कडक करायच्या. चतकोर तुकडे एकावर एक रचून गोल डब्यात बसतात, हलत नाहीत, मोडत नाहीत. कॅटलॉगवर "चतकोर कडक भाकरी" असा नवा फोटो टाकला, अख्ख्या भाकरीचा फोटो शेजारी तसाच ठेवला, भाव एकच. महिनाभरात बाहेरगावच्या ऑर्डरीत अख्खी भाकरी मागणारं जवळपास कुणी उरलं नाही. सोलापूरच्या सोलापुरात मात्र अजून अख्खीच लागते. "चतकोर काय देताय, भिकाऱ्याला देतात तसं?" असं एका काकूंनी स्पष्ट सुनावलं. तेव्हा दोन्ही ठेवल्या आहेत.

वेबसाइट असती तर चुरा "सोल्ड आउट" दिसला असता. कशाशी खाणार, हे तिथे कुणी लिहिलं नसतं. चार गुणांतले दोन याचेच.

आता लेबलं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे रंगीत पट्टी लावता येते, अशी वीस लेबलं करता येतात. ॲप आपल्या मनाने नवीन ग्राहक, नवीन ऑर्डर, पैसे बाकी, पैसे आले, ऑर्डर पूर्ण अशी पाच देतं. ती हिशेबाला ठीक आहेत, पण धंदा कळायला निरुपयोगी. मी त्यांतली बरीचशी काढून माझी टाकली: "मधुमेह", "माहेर सोलापूर", "मुलं पुण्यात", "ऑफिसचा डबा", "गड्ड्यावर भेटले" (गड्डा म्हणजे आमची सिद्धेश्वराची जानेवारीतली यात्रा). माझा अंदाज असा मांडला होता की कडक भाकरी घेणार ती पुण्या-मुंबईची तब्येत सांभाळणारी माणसं. गहू सोडलेली, ज्वारीकडे वळलेली. सगळीकडे तेच वाचायला मिळतं ना. त्यामुळे "मधुमेह" लेबल सगळ्यात वर, हिरव्या रंगात.

लेबलं भरत गेली तसं वेगळंच दिसायला लागलं. "मधुमेह"वाले एकदा घेतात, कौतुक करतात, मग घरीच भाकरी करायला लागतात. परत परत येणारं लेबल होतं "मुलं पुण्यात". पैसे भरणारी आई इथे, विजापूर रोडला, सात रस्त्याला, होटगी रोडला; खाणारं पोरगं तिकडे हिंजवडीत नाहीतर कोथरूडच्या खोलीवर. आईला एकच चिंता, पोराच्या पोटात रात्री काय जातंय. तिला ओमेगा थ्रीशी देणंघेणं नाही. तिचा प्रश्न, "रविवारी तो येतोय, सोमवारच्या हुतात्मा एक्स्प्रेसने परत जाणार, रात्री डबा मिळेल का?"

म्हणजे खाणारा एक आणि पैसे मोजणारा दुसरा. हे कळल्यावर धंद्याची अर्धी मांडणी बदलली. पुण्यातल्या लोकांना इन्स्टाग्रामवर जाहिरात दाखवायची कल्पना गेली. त्याऐवजी इथल्याच पिठाच्या गिरण्यांत आणि दोन किराणा दुकानांत चिठ्ठी लावली. कुरिअरचा मोठा भाग गेला, कारण डबा पोराच्या बॅगेतून जातो. आणि भाकरी भाजायचा मुख्य दिवस शनिवार झाला. आधी आम्ही बुधवारी भाजत होतो, केवळ त्या दिवशी अक्कांना सवड असायची म्हणून.

इथे एक बारकी युक्ती सांगते. आपल्या नंबराची छोटी लिंक असते, डब्ल्यूए डॉट मी आणि पुढे नंबर. तिच्या शेपटीला आधीच लिहिलेला निरोप जोडता येतो. तिचा क्यूआर काढून चिकटवला की स्कॅन करणाऱ्याच्या फोनवर तो निरोप आपोआप येतो, त्याने फक्त पाठवायचं. मी गिरणीतल्या चिठ्ठीला "नमस्कार, गिरणीतून" आणि डब्याच्या झाकणाला "नमस्कार, डब्यावरून" असे वेगळे निरोप ठेवले. गिऱ्हाईक कुठून आलं हे विचारावंच लागत नाही. यात्रेत, जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर ओळखीच्यांच्या स्टॉलवर थोडी पाकिटं ठेवली होती, त्यांना तिसरा निरोप होता. गड्ड्याची गर्दी पाहून कुणालाही वाटावं की आता धंदा धावला. निरोप पुष्कळ आले. फेब्रुवारीत त्यातलं फारसं कुणी परत दिसलं नाही. डब्याच्या झाकणावरून थेंब थेंब येणारे मात्र अजून आहेत. हे मला डोळ्यांनी दिसलं नसतं, कारण जानेवारीतला गल्ला बघून मी खूश होते.

ब्रॉडकास्ट यादीबद्दल लोक तक्रार करतात की एका यादीत 256च माणसं बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर साठवून ठेवलाय त्यांनाच निरोप पोचतो. मला हा दोष वाटत नाही. ज्या बाईने माझा नंबर "भाकरीवाल्या ताई" म्हणून साठवला तिला माझ्याकडून काहीतरी हवं आहे. जिने साठवला नाही तिच्या फोनवर शुभ सकाळबरोबर माझी चटणी जाऊन काय उपयोग? ही चाळणी फुकट मिळते. उलट ग्रुप करणारे बघा. तिथे पन्नास माणसं, त्यांतले चाळीस एकमेकांचे वाढदिवस करतात, आणि एकाने "महाग आहे हो" लिहिलं की बाकीच्यांची बोटं थांबतात.

भाव तपासण्याबद्दल मात्र सावध करते. व्हिडिओत शिकवतात, दोन याद्या करा, एकीला एक भाव, दुसरीला दुसरा, कुठे जास्त विक्री होते बघा. बंगळुरूत चालत असेल. सोलापुरात एका यादीत नणंद आणि दुसऱ्या यादीत भावजय निघते. माझ्या जाऊबाईंच्या ओळखीतल्या एकीने साड्यांवर हे केलं, तर दुसऱ्या दिवशी दारात दोघी उभ्या, "हिला दोनशे कमी कसं ओ? आम्ही काय परके?" तेव्हा इथे भाव बदलून बघू नये, वजन आणि जोडणी बदलून बघावी. आम्ही तेच केलं आणि त्यात फार मोठी गोष्ट हाती लागली, म्हणून आकडे देते.

दहा भाकऱ्यांचं पाकीट 130 रुपयांना. मालदांडी ज्वारी आणि दळण मिळून 40 रुपये, थापण्या-भाजण्याची मजुरी भाकरीमागे 3 म्हणजे 30, गॅस 12, पाकीट आणि लेबल 8. झाले 90. उरले 40. आता हे एकच पाकीट पुण्याला पाठवायला कुरिअरवाले 60 घेतात. "घरपोच फुकट" लिहिलं की प्रत्येक पाकिटामागे माझ्याच खिशातले 20 जातात, आणि ऑर्डरी वाढतील तसा तोटा वाढतो. पाकीट आवडतंय, मागणी आहे, लोक परत येतायत, आणि तरी हा धंदा नाही. हे गणित कागदावर न मांडता "चाललंय छान" म्हणणारे मी आमच्याच गल्लीत पाहिलेत.

म्हणून कॅटलॉगवर "पुण्याचा डबा" नावाची जोडणी टाकली: चतकोर भाकरीची दोन पाकिटं आणि पाव किलो शेंगा चटणी, 370 रुपये, घरपोच. भाकरीचे उरतात 80, चटणीचे 35, एकूण 115. त्यातून कुरिअर 70. उरले 45. बॅगेतून नेणाऱ्याला तोच डबा 350 ला दिला, तरी माझे 95 उरतात आणि त्याचे 20 वाचतात. एकेरी पाकीट बाहेरगावी द्यायचं बंद केलं. थोडी कुरकुर झाली, पण थोडीच. चटणीने मात्र वेगळा त्रास दिला: खलबत्त्यात कुटलेल्या शेंगदाण्याला स्वतःचं तेल सुटतं, तेच तिचं वैभव, आणि तेच पार्सलच्या कागदावर डाग पाडतं. दोन पिशव्या घातल्या की प्रश्न मिटला. पुढे.

मोठ्या कंपन्यांच्या बाबतीतही व्हॉट्सॲपने आधी मागणीच दाखवली. दोन उदाहरणं व्हॉट्सॲपशीच निगडित आहेत म्हणून देते. मीशोच्या दोघा संस्थापकांनी, विदित आत्रेय आणि संजीव बर्नवाल यांनी, 2015 मध्ये आधी फॅशनियर नावाने जवळपासच्या दुकानांतले कपडे ॲपवरून विकायचा घाट घातला होता. तो चालला नाही. पण दुकानांत हिंडताना त्यांना दिसलं की माणसं व्हॉट्सॲपवर फोटो टाकून ओळखीपाळखीत कपडे विकतायत. मग त्यांनी धंदाच त्या विकणाऱ्यांसाठी बांधला. दुसरी डन्झो. बंगळुरूत कबीर बिस्वास लोकांची बारीकसारीक कामं व्हॉट्सॲपवर निरोप घेऊन करून देत होते. ॲप नंतर आलं. 2017 च्या डिसेंबरात गूगलने त्यात पैसे घातले, 2022 मध्ये रिलायन्सने घातले. लोकांना ही सेवा हवी आहे हे व्हॉट्सॲपने अचूक सांगितलं होतं. पण एका फेरीला येणारा खर्च आणि त्यातून मिळणारे पैसे यांचा मेळ काही शेवटपर्यंत बसला नाही, आणि कंपनी मिटली. माझ्या 20 रुपयांचंच मोठं रूप ते. ॲप तुम्हाला मागणी दाखवतं. खर्चाची बाजू त्याला माहीतच नसते.

इथून तक्रारी सुरू.

ॲपमधली आकडेवारी अगदी दरिद्री आहे. पाठवलेले निरोप, पोचलेले, वाचलेले आणि आलेले, एवढे चार आकडे. निळ्या टिकांची संख्या बघून काय करू? धंदा तपासणाऱ्याला हवा तो आकडा म्हणजे परत किती जण आले, आणि तो यात कुठेच नाही. त्यासाठी मी साधी दोनशे पानी वही केली आहे. महिन्याला एक पान. ज्या महिन्यात ज्याची पहिली ऑर्डर, त्याच महिन्याच्या पानावर त्याचं नाव, कायमचं. नावापुढे पुढच्या महिन्यांचे चौकोन, घेतलं तर टिक, नाही तर मोकळा. जानेवारीचं पान उघडलं की डावीकडे नावांची भली मोठी रांग आणि उजवीकडे सगळं पांढरं. जूनचं पान, म्हणजे पोरं कॉलेजला गेली तो महिना, नावं थोडी, पण टिका ओळीने डिसेंबरपर्यंत, फक्त दिवाळीच्या चौकोनात खाडा. तेव्हा पोरं घरी असतात. एकूण विक्रीच्या आकड्यात हा फरक दिसलाच नसता. एवढी साधी गोष्ट ॲपला करता येऊ नये? लेबल लावल्याची तारीखसुद्धा ते नीट दाखवत नाही.

दुसरी तक्रार, आवाजाचे निरोप. माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांना टाइप करायचा कंटाळा आहे. कुणी तेलुगूत बोलतं, कुणी कन्नडमध्ये, कुणी एका वाक्यात तिन्ही भाषा. ऐकायला गोड, पण "मागच्यासारखंच दे गं" म्हटल्यावर मागचं शोधायला जावं तर तेही आवाजातच. शोधून सापडत नाही. दोन अक्का मध्ये दुभाषी म्हणून बसतात, त्यांचा भाकरीचा वेळ जातो.

तिसरी, एकच नंबर. सगळा धंदा एका सिमवर लटकलेला असतो. अनोळखी लोकांना धडाधड निरोप पाठवले आणि त्यांनी तक्रार केली तर व्हॉट्सॲप नंबर बंद करतं, हे ध्यानात ठेवा. कंत्राटाने याद्या विकणारे फोन करतात, "मॅडम, सोलापूरचे दहा हजार नंबर देतो." घेऊ नका. त्या दहा हजारांतून तुम्हाला धंद्याबद्दल काही कळणार नाही, नंबर मात्र जाईल.

"सध्या उपलब्ध नाही" हा आपोआप जाणारा निरोप कामाचा आहे. आमच्याकडे पाणी दररोज येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातल्या बाईचा फोन बेवारस असतो. मी निरोप ठेवलाय, "आज पाणी आलंय, दुपारनंतर उत्तर देते." परगावच्या लोकांना यात काय लिहिलंय कळत नाही. सोलापूरकर लिहितात, "आमच्याकडे उद्या."

संगणकावर जोडून वापरता येतं, दिराने जोडून दिलंय, मला फोनच बरा वाटतो. कार्टची सोय आहे, गिऱ्हाईक वस्तू निवडून एकदम पाठवू शकतं. आमच्याकडे ती वापरणारे सगळे तिशीच्या आतले. त्याहून मोठे थेट फोन लावतात.

कुणी घ्यावं? तुमचा धंदा अजून डोक्यात आहे, हातात थोडेच पैसे आहेत आणि गिऱ्हाइकाशी बोलायची लाज वाटत नाही, तर आजच. पैसे आगाऊ मागा, नाहीतर यातून काहीच कळणार नाही, नुसती फुलं गोळा होतील. ज्यांच्या ऑर्डरी एका माणसाच्या हातात मावेनाशा झाल्यात त्यांनी यात अडकू नये. त्यांच्यासाठी व्हॉट्सॲपचीच पैसे घेणारी मोठी सेवा आहे, ती मी वापरलेली नाही म्हणून तिच्याबद्दल बोलत नाही.

माझ्याकडे सध्या कॅटलॉगवर एक नवीन ओळ आहे: "महिन्याचा डबा, पैसे एकदम, दर शनिवारी". चार डबे, बॅगेतून नेणाऱ्यांसाठी 1,300 रुपये. सुटे घेतले तर 1,400 होतात, म्हणजे माझे 100 कमी, पण ज्वारी किती आणायची ते आधी कळेल. "मुलं पुण्यात" लेबलाच्या आयांनाच पाठवलंय. दोघींनी पैसे भरले, एकीने विचारलं, "मध्ये पोरगं आलं नाही तर?" याचं उत्तर अजून ठरलेलं नाही. अक्का म्हणतात, पुढच्या महिन्यात ढकलायचं. जाऊबाई म्हणतात, पैसे परत द्यायचे. या शनिवारी दोन आयांना एक आणि दोघींना दुसरं सांगता आलं असतं, पण त्या चौघी एकाच भिशीत आहेत.